सॉकेट सर्वांचे, बटणे कोणाची?

काही शे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी गेमपॅडबद्दल अग्रलेख लिहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. खोक्यावर ‘प्लग अँड प्ले’ असे ठसठशीत छापलेले असते. आत माहितीपत्रक असलेच तर चार ओळींचे असते. वायर खोचली की संगणक आवाज करतो, लाल दिवा लागतो आणि खेळ मात्र ढिम्म हलत नाही. कधी उडी मारायच्या बटणाने मेनू उघडतो, कधी गाडी आपोआप डावीकडे वळत राहते. गिऱ्हाईक म्हणते वस्तू खराब, दुकानदार म्हणतो तुमच्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी आहे. बहुतेक वेळा दोघेही चुकतात. गेमपॅड धड असतो, संगणकही धड असतो. अपुरा असतो तो या दोघांमधला करार, आणि तो अपुरा का राहिला हे समजायचे तर चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा जॉयस्टिक जोडण्यासाठी एक वेगळे कार्ड विकायला ठेवले. त्यावर पंधरा पिनांचे सॉकेट होते. दोन जॉयस्टिक, चार अक्ष, चार बटणे एवढीच त्याची मर्यादा. दांडीच्या मुळाशी पोटेन्शिओमीटर असे; दांडी कलली की त्याचा रोध बदले. त्या रोधातून कार्डावरचा कपॅसिटर भारित व्हायला किती वेळ लागतो, हे प्रोसेसर स्वतः मोजत बसे आणि त्यावरून दांडी कुठे आहे ते ठरवी. साहजिकच हा आकडा प्रोसेसरच्या वेगानुसार बदले. म्हणून त्या काळचे खेळ सुरू होण्याआधी फर्मावत: दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, पुन्हा दाबा. १९८९ च्या साउंड ब्लास्टर कार्डावर हेच सॉकेट आले आणि पुढची अनेक वर्षे जॉयस्टिक साउंड कार्डाच्या आश्रयाने राहिली. पण आपल्याला नेमके काय जोडले आहे, हे संगणकाला कळण्याची सोय त्या सॉकेटात अखेरपर्यंत नव्हती. सगळे माणसाने सांगायचे.

त्याच काळात टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांनी वेगळी वाट धरली. निन्टेन्डोच्या गनपेई योकोई यांनी १९८२ च्या एका हातातल्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण रचले आणि १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राने ते जगभर नेले. त्या यंत्राच्या कंट्रोलरवर आठ बटणे होती आणि त्यांची स्थिती एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने तारेतून जाई: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. गोंधळाला जागाच नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतांशी याच यंत्राच्या नकला होते. त्यांचे ‘रिमोट’ कुठल्याही कारखान्यातून आलेले असोत, पिन जुळली की चालत. अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे नक्कल करणे सोपे होते. तो अर्थ ठरवणारी कंपनी मात्र एकच होती.

म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेर चित्र असे होते: संगणकात मोकळीक होती पण शिस्त नव्हती, खेळयंत्रात शिस्त होती पण ती एका मालकाची होती. या दोन्ही अडचणींवर उतारा म्हणून यूएसबीकडे पाहायला हवे.

कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी १९९४ मध्ये या कामाला हात घातला आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंटेलमधल्या या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. २०१३ मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळाले. या मानकाचा वापर स्वामित्वशुल्काविना खुला ठेवला गेला, हा त्यातला सर्वांत दूरगामी निर्णय. कोणत्याही लहान कारखान्याने चिप बनवावी, प्लग लावावा, माल विकावा. काही शे रुपयांचा गेमपॅड शक्य झाला तो या निर्णयामुळे.

यूएसबीच्या पाठोपाठ एचआयडी हे मानक आले. कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक अशा माणसाच्या हाताने चालवायच्या उपकरणांसाठी ते होते. त्यातली कल्पना सुंदर होती. उपकरण जोडताच ते स्वतःचा क्रमांक सांगते: आधी निर्मात्याचा, मग वस्तूचा. त्यानंतर ते स्वतःचे वर्णन देते: माझ्याकडे इतके अक्ष आहेत, प्रत्येकाचे मूल्य ० ते २५५, इतकी बटणे आहेत, एक आठ दिशांचा हॅट स्विच आहे. वेगळा ड्रायव्हर नको, सीडी नको, कोपऱ्यात दांडी नेऊन बटण दाबणे नको. १९९८ मध्ये विंडोज ९८ आणि ॲपलचा आयमॅक आल्यावर यूएसबी घरोघरी पोहोचली. २००७ मध्ये विक्रीला आलेल्या व्हिस्टापासून विंडोजने जुन्या गेम पोर्टचा आधारही काढून घेतला.

पण याच मानकात एक फट राहिली. कीबोर्डाच्या बाबतीत एचआयडीने प्रत्येक कळीला अर्थ दिला: ही ए, ही एन्टर, ही स्पेस. म्हणून जगातला कोणताही कीबोर्ड कोणत्याही संगणकाला लावला तरी एन्टर हा एन्टरच राहतो. गेमपॅडच्या बटणांना मात्र नुसते आकडे मिळाले: बटण १, बटण २, बटण ३. कोणता आकडा अंगठ्याखाली कुठे असावा, हे कोणी ठरवले नाही. त्या वेळी हे चुकीचेही नव्हते. विमानाची दांडी, गाडीचे चाक, पेडल, गेमपॅड या सगळ्यांना एकाच वर्णनात बसवायचे होते. पुढे सगळे गेमपॅड जवळपास एकाच साच्याचे होतील, हे १९९६ मध्ये कोणाला दिसावे?

तो साचा सोनीने घातला. १९९४ च्या प्लेस्टेशनने उजव्या अंगठ्याखाली त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन ठेवले. १९९७ च्या ड्युअलशॉकने दोन स्टिक आणि थरथरणाऱ्या मोटरी एकत्र आणल्या. स्वस्त गेमपॅडांनी हा देह जसाच्या तसा उचलला, चिन्हांच्या जागी १ ते ४ छापले आणि क्रम आपापल्या सोयीने लावला. बाजारातल्या असंख्य बिननावाच्या गेमपॅडांत ड्रॅगनराइझ कंपनीची चिप असते. त्यात आकडे वरच्या बटणापासून घड्याळाच्या दिशेने जातात: वर १, उजवीकडे २, खाली ३, डावीकडे ४. लॉजिटेकचा एफ३१० जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीने (तिच्याविषयी पुढे) चालवला तर १ हे डावे बटण असते, २ खालचे, ३ उजवे, ४ वरचे. एक्सबॉक्सच्या क्रमात पहिले बटण म्हणजे खालचे ए. आता समजा, पहिले बटण म्हणजे उडी असे एखाद्या खेळाने धरले. एका गेमपॅडवर ती उडी खालच्या बटणावर येईल, दुसऱ्यावर वरच्या, तिसऱ्यावर डाव्या. यात बिघाड कुठेच नाही. मानकाने यातला कोणताच क्रम चुकीचा ठरवलेला नाही.

मानकाने रिकामी सोडलेली जागा २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भरली. एक्सबॉक्स ३६० सोबत आलेल्या एक्सइनपुट पद्धतीत सगळे बांधलेले आहे: दोन स्टिक, दोन ट्रिगर, दिशाबटण, दहा बटणे, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर. प्रत्येक बटणाला नाव आहे. खेळ लिहिणाऱ्याला आकड्यांचे कोडे सोडवायचे नाही. ही मोठी सोय होती आणि खेळ बनवणाऱ्यांनी ती आनंदाने स्वीकारली. त्याआधीची डायरेक्टइनपुट पद्धत १२८ बटणांपर्यंत काहीही वाचत असे. तिच्यासाठी कोड लिहिणे हळूहळू थांबले. परिणाम असा, की खुल्या मानकाचे प्रामाणिकपणे पालन करणारा गेमपॅड नव्या खेळांना दिसेनासा झाला. संगणकाला दिसतो, खेळाला दिसत नाही, ही तक्रार तिथून सुरू होते.

हा दोष गेली वीस वर्षे ज्यांनी सावरला त्यांची नावे खोक्यावर नसतात. एसडीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या २०१३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने गेमपॅडसाठी अर्थाची एक पट्टी आणली: या क्रमांकाच्या उपकरणाचे अमुक बटण म्हणजे ए, तमुक अक्ष म्हणजे डावी स्टिक. अशा हजारो ओळी जगभरच्या खेळाडूंनी आपापला गेमपॅड समोर ठेवून लिहिल्या आणि एका सामायिक यादीत जमा केल्या. लिनक्सच्या गाभ्यात ड्रॅगनराइझसाठी वेगळा ड्रायव्हर आहे. त्यांच्या एका गेमपॅडने स्वतःचे दिलेले वर्णनच सदोष असल्यामुळे तो ड्रायव्हर ते बाजूला सारून दुरुस्त वर्णन पुढे करतो. विंडोजवर एक्स३६०सीई हे साधन जुन्या पद्धतीच्या गेमपॅडला एक्सबॉक्सचा वेश चढवते. कारखान्याने न केलेले काम या लोकांनी बहुतांशी फुकट केले.

इतिहास असा असल्यामुळे दुरुस्तीचा क्रमही त्यातूनच ठरतो. आधी ओळख, मग अर्थ, आणि सर्वांत शेवटी वस्तूचा दोष. लोक नेमके उलटे करतात. आधी स्क्रू काढतात.

ओळख खोक्यावरच्या नावावरून होत नाही. एकच चिप दहा नावांनी विकली जाते आणि एकाच नावाखाली वर्षागणिक चिप बदलते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या उपकरणाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा; लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. तिथे कोलनने किंवा ‘&’ चिन्हाने जोडलेले, चार-चार अंक-अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात. ००७९:०००६ दिसले तर ड्रॅगनराइझचा सर्वसाधारण यूएसबी जॉयस्टिक. ०४५ई:०२८ई दिसले तर एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला कंट्रोलर. पण इथे सावध राहावे: अनेक स्वस्त नकला खेळांनी चटकन स्वीकारावे म्हणून हाच क्रमांक लावून घेतात. त्या चालतात, त्यामुळे कोणी हरकत घेत नाही. पण क्रमांक म्हणजे निर्मात्याची साक्ष, हे मग उरत नाही. यादीत काहीच दिसत नसेल तर प्रश्न खेळाचा नाही, वायरचा, सॉकेटचा किंवा चिपचा आहे.

दिसत असेल तर खेळ बाजूला ठेवून कच्ची मूल्ये पाहावीत. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल टाइप केले की गेम कंट्रोलरची जुनी खिडकी उघडते. तिच्या चाचणीच्या पानावर प्रत्येक बटणाचा दिवा आणि अक्षांची फुली दिसते. लिनक्सवर हेच काम ‘जेएसटेस्ट’ करते. कोणते बटण कोणता आकडा देते ते कागदावर लिहून घ्यावे. एवढ्या वेळात निम्म्या तक्रारी संपतात, कारण त्यातल्या पुष्कळशा मधल्या ‘ॲनालॉग’ किंवा ‘मोड’ बटणाच्या असतात. लाल दिवा बंद असताना अनेक गेमपॅडांत दिशाबटणच अक्ष बनते आणि डावी स्टिक मुकी राहते. उजवी स्टिक १ ते ४ या बटणांची नक्कल करते. दिवा लावला की दोन्ही स्टिक खऱ्या होतात आणि दिशाबटण हॅट स्विच बनते. काहींवर एक्स (एक्सइनपुट) आणि डी (डायरेक्टइनपुट) अशी खटकी असते. नव्या खेळासाठी एक्स, जुन्या खेळासाठी डी, आणि खटकी बदलली की उपकरण नव्या क्रमांकाने पुन्हा जोडले जाते.

मग अर्थ लावण्याचे काम. त्यासाठी एकच जागा निवडावी, हा इथला पहिला नियम. स्टीम या खेळविक्रीच्या मंचावरून खेळत असाल तर बटणांची मांडणी स्टीममध्येच करावी. स्टीमबाहेरच्या खेळासाठी एक्स३६०सीई वापरावे. ज्या खेळाला गेमपॅड कळतच नाही त्याच्यासाठी जॉयटूकी सारखे साधन बटणांना कीबोर्डाच्या कळा देते. दोन साधने एकाच वेळी चालू ठेवली की खेळाला एकाऐवजी दोन कंट्रोलर दिसतात आणि एकदा दाबलेले बटण दोनदा पोहोचते. अक्षांच्या बाबतीतही क्रम वेगळा असू शकतो. ड्रॅगनराइझची उजवी स्टिक झेड आणि आरझेड या अक्षांवर बोलते, तर एक्सबॉक्सचा कंट्रोलर जुन्या पद्धतीने वाचला तर झेडवर दोन्ही ट्रिगर एकत्र येतात. म्हणून एखाद्या खेळात उजवी स्टिक हलवल्यावर गाडी वेग घेते. तो अक्ष बदलून दिला की प्रश्न मिटतो.

एवढे करूनही अडले तरच हात वस्तूला लावावा. वायरमध्ये चार तारा असतात: लाल पाच व्होल्टची, काळी परतीची, पांढरी आणि हिरवी माहितीची. त्या तुटतात त्या बहुधा गेमपॅडच्या तोंडाशी, जिथे वायर सतत वाकते. वायर हलवल्यावर जोडणी तुटत-लागत असेल तर दोष तिथेच आहे. मोटर थरथरताच गेमपॅड बंद पडत असेल तर वीज कमी पडते. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबमधून काढून संगणकाच्या मागच्या सॉकेटात लावून पाहावा. बटण जोरात दाबावे लागत असेल तर आतल्या रबराखालचा कार्बनचा ठिपका किंवा सर्किटच्या पाटीवरची जागा मळलेली असते, आणि पुसून काम होते. स्टिक सोडल्यावर आकडा मधल्या १२७-१२८ वर येत नसेल तर पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा थर झिजला आहे. डेड झोन, म्हणजे मध्याजवळचा दुर्लक्षित पट्टा, वाढवून तो दोष झाकता येतो, बरा करता येत नाही. यावर चुंबकीय हॉल सेन्सरचा उपाय सेगाने १९९६ मध्येच सॅटर्नच्या त्रिमितीय कंट्रोलरमध्ये वापरला होता. तरीही सर्वसाधारण गेमपॅड आजही १९८१ च्या जॉयस्टिकसारखाच घासणाऱ्या कार्बनवर चालतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बाजाराने प्रश्न सोडवलाच आहे, एक्सइनपुटचा गेमपॅड घ्या आणि मोकळे व्हा. नवीन घेणाऱ्याला मीही तेच सांगेन. सर्वांना ठाऊक असलेल्या अर्थाची किंमत किती, हे अमेरिकी नौदलानेही दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये सेवेत आलेल्या यूएसएस कोलोरॅडो पाणबुडीवर पेरिस्कोपच्या जागी आलेले कॅमेरे फिरवायला सुमारे ३८ हजार डॉलरच्या खास दांडीऐवजी एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर लावला गेला. तरुण नौसैनिकांना तो फारसा शिकवावाही लागला नाही. पण तो अर्थ एका कंपनीच्या मर्जीवर असणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या बांधलेल्या साच्यात न बसणारे हातही आहेत. मायक्रोसॉफ्टनेच २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी ॲडाप्टिव्ह कंट्रोलर काढला, तेव्हा बाहेरची बटणे आणि जॉयस्टिक जोडायला त्यावर भरपूर सॉकेटे द्यावी लागली. बटणाचा अर्थ बदलता येणे हा हौशी लोकांचा छंद नाही. ज्याचा एकच हात चालतो त्याच्यासाठी खेळता येणे आणि न येणे यातला तो फरक आहे.

प्लगच्या आकाराबाबत जग आता शहाणे झाले आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून फोन आणि तत्सम लहान उपकरणांना टाइप-सी सक्तीचे केले. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीसाठी मानक स्वीकारले आहे. पण सॉकेट जुळले म्हणजे संवाद जुळला असे होत नाही, हे गेमपॅडने तीस वर्षे दाखवले आहे. उद्या घरातली कितीतरी उपकरणे याच वाटेने जातील: जोडली जातील, ओळखली जातील, आणि त्यांचे बोलणे समजून घेण्याची किल्ली एकाच कंपनीकडे राहील. अर्थाचे मानकही खुलेच हवे.

तोवर निदान तीन गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांना पैसाही लागत नाही. आयात करून आपले नाव छापणाऱ्या कंपन्यांनी खोक्यावर उपकरणाचा क्रमांक, ते कोणत्या पद्धतीने चालते आणि बटणांच्या आकड्यांचे एक चित्र छापावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत दुकानदाराने गेमपॅड विकण्याआधी गिऱ्हाइकासमोर चाचणीच्या खिडकीत एकदा चालवून दाखवावा. आणि घरात कोपऱ्यात पडलेला ‘खराब’ गेमपॅड भंगारात देण्याआधी तुम्ही त्याचा क्रमांक वाचा, मोडचे बटण दाबा, चाचणीच्या पानावर त्याची बटणे तपासा. तो बहुधा चालू आहे.